लिहिलेला डोस, पोचलेला डोस

स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या बाईच्या फाइलमध्ये एक आकडा हमखास सापडतो: पंधरा सिटिंगमध्ये ४० ग्रे, किंवा जुन्या रीतीप्रमाणे पंचवीस सिटिंगमध्ये ५० ग्रे. हा आकडा उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांनी लिहिलेला असतो आणि उपचार संपल्यावरही बहुतेक ठिकाणी तोच कायम राहतो. त्या तीन किंवा पाच आठवड्यांत तिच्या स्तनाला, त्यामागच्या फुप्फुसाला आणि आजार डाव्या बाजूचा असेल तर हृदयाला प्रत्यक्षात किती डोस पोचला, याची वेगळी नोंद क्वचितच असते. लिहिलेला डोस म्हणजेच पोचलेला डोस, असे गृहीत धरून काम चालते. रेडिएशनच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे मोजमापाच्या बाजूने पाहिले, तर हे गृहीतक किती वेळा आणि कुणाच्या जिवावर चुकले ते दिसते. डोस नेमका कुठे मोजायचा, हा त्या इतिहासातला मध्यवर्ती प्रश्न आहे. मोजण्याची जागा आधी रुग्णाची कातडी होती. पुढे ती यंत्रापाशी गेली, मग कागदावर आणि संगणकात गेली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रोजच्या इमेजिंगने ती पुन्हा शरीराजवळ आणली आहे. म्हणून रोज घेतल्या जाणाऱ्या या प्रतिमांकडे केवळ रुग्ण टेबलावर नीट झोपली आहे की नाही हे पाहण्याचे साधन म्हणून बघणे अपुरे आहे. त्यांचे मोठे काम डोसचा हिशेब ठेवण्याचे आहे, आणि तो हिशेब प्रत्येक बाईच्या नावाने ठेवला गेला पाहिजे.

सुरुवातीला मोजमाप नव्हतेच. विल्हेल्म राँटगेन यांना १८९५च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लागला आणि काही महिन्यांतच डॉक्टर ते आजारांवर वापरू लागले. किती किरण दिले हे सांगायला एकक नव्हते; कातडी लाल होईल इतके, एवढेच सांगता येई. व्हिएन्नाच्या गिडो होल्झक्नेख्ट यांनी १९०२मध्ये किरणांनी रंग बदलणाऱ्या रसायनाचा मापक तयार केला. त्यापाठोपाठ १९०४मध्ये पॅरिसमध्ये साबुरो आणि नोआरे यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडच्या छोट्या चकत्या वापरात आणल्या, मुख्यतः मुलांच्या डोक्यावरच्या गजकर्णासाठी. चकती किरणांची नळी आणि कातडी यांच्या बरोबर निम्म्या अंतरावर ठेवायची. किरण पडत गेले की तिचा हिरवट पिवळा रंग हळूहळू तपकिरी होई. तो रंग सोबतच्या नमुन्याशी ताडून पाहायचा आणि जुळला की नळी बंद करायची. चकती उजेडात राहिली तर रंग पुन्हा मूळ पदावर येई, त्यामुळे घाईने पाहावे लागे आणि पाहणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून राही. साधन ओबडधोबड होते, पण एक गोष्ट त्यात होती: मोजमाप त्याच रुग्णाजवळ, त्याच बैठकीत होत होते आणि रुग्णाची कातडी त्याला साक्ष होती.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात मोजमाप अचूक झाले आणि त्याच वेळी रुग्णापासून लांबही गेले. १९२८मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 'राँटगेन' हे एकक ठरले. ते हवेत निर्माण होणाऱ्या विद्युतभारावर आधारलेले होते, म्हणजे यंत्रातून काय बाहेर पडते ते सांगणारे. ऊतींनी किती ऊर्जा शोषली हे सांगणारे 'रॅड' १९५३मध्ये आले आणि १९७५मध्ये त्याची जागा लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावाच्या एककाने घेतली. स्तनाच्या कर्करोगापुरते पाहिले तर या काळातले मोठे काम लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स यांनी केले. संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकणारी हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया तेव्हा सर्वमान्य होती. केन्स यांनी १९२०च्या दशकात रेडियमच्या सुया स्तनात खोचून स्तन राखायचा प्रयत्न केला आणि १९३७मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी रेडियमचा डोस मिलिग्रॅम-तासांत सांगत: किती मिलिग्रॅम रेडियम आणि किती तास. हा आकडा रेडियमबद्दल सगळे सांगतो, शरीराबद्दल काहीच सांगत नाही. त्याच सुया एकमेकींजवळ खोचल्या तर ऊती जळेल आणि लांब खोचल्या तर मधली गाठ वाचेल, तरी नोंद तीच राहील. मँचेस्टरच्या राल्स्टन पॅटरसन आणि हर्बर्ट पार्कर यांनी १९३४पासून सुया कशा मांडायच्या याचे नियम दिले, ते याच उणिवेवर उपाय म्हणून. तरी ते नियमही आदर्श मांडणीचे होते. प्रत्यक्ष शरीरात मांडणी तशीच उतरली का, हा प्रश्न उरलाच.

मग कोबाल्ट आले. १९५१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅनडातल्या लंडन आणि सास्काटून या दोन शहरांत कोबाल्ट-६०च्या यंत्रांवर पहिले रुग्ण घेतले गेले. जुन्या क्ष-किरण यंत्रांचा सगळ्यात जास्त डोस कातडीवरच पडे. कोबाल्टचा सर्वाधिक डोस कातडीखाली सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर पडतो आणि त्यानंतरच्या लिनियर अ‍ॅक्सिलरेटरचा त्याहून खोल. कातडी वाचली, जखमा कमी झाल्या, खोलवरच्या गाठींना पुरेसा डोस देता येऊ लागला. या प्रगतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तिच्याबरोबर एक इशारा हरवला, आणि ही गोष्ट इतिहास सांगताना सहसा सुटते. पूर्वी डोस जास्त झाला तर कातडी काही दिवसांत लाल होऊन सांगत असे. आता आतल्या मज्जातंतूंना, फुप्फुसाला किंवा हृदयाला जास्त डोस गेला तरी वरून काही दिसत नव्हते. परिणाम दिसायला वर्षे लागत, आणि तोवर उपचाराशी त्याचा संबंध जोडणे अवघड होऊन बसे. शरीर लगेच बोलेनासे झाले, तेव्हा त्याच्या जागी शरीराच्या आत पाहणारे दुसरे मोजमाप यायला हवे होते. ते लगेच आले नाही. त्याऐवजी यंत्राच्या आणि आराखड्याच्या अचूकतेवरचा विश्वास वाढत गेला.

त्याच वेळी डोसवर अवलंबून असलेल्या बायकांची संख्याही वाढली. मिलानमध्ये उम्बेर्तो वेरोनेसी यांच्या चाचणीत १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रिया होत्या, आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांची चाचणी १९७६मध्ये सुरू झाली. गाठ काढून रेडिएशन दिले तर स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच या स्त्रिया जगतात, हे दोन्ही चाचण्यांनी दाखवले. २०११मध्ये १७ चाचण्यांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. रेडिएशनने दहा वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले, आणि पंधरा वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू २५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर. म्हणजे रेडिएशन जीव वाचवते, याबद्दल शंका नाही. पण याचा अर्थ डोस कमी पडणे हेही नुकसानच आहे. हिशेबातली चूक दोन्ही बाजूंनी मारते: जास्त गेला तर इजा, कमी गेला तर आजार उलटण्याचा धोका. शिवाय बरी झालेली स्त्री पुढे वीस-तीस वर्षे जगते, त्यामुळे उशिरा दिसणाऱ्या इजेलाही भरपूर वेळ मिळतो.

ही उशिरा दिसणारी इजा इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात उघडकीस आली, आणि ती आणली रुग्ण स्त्रियांनी. स्तनाच्या रेडिएशननंतर काही वर्षांनी काहींचे हात बधिर होऊ लागले, असह्य दुखू लागले, काहींचा हात पूर्ण निकामी झाला. मानेतून काखेमार्गे हातात जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला इजा झाली होती. १९९१मध्ये या स्त्रियांनी 'रेज' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संघटना उभारली आणि चौकशीची मागणी लावून धरली. रॉयल कॉलेज ऑफ रेडिऑलॉजिस्ट्सने थेल्मा बेट्स आणि आर. जी. बी. इव्हान्स यांच्याकडे चौकशी सोपवली. अहवाल १९९५मध्ये आला. त्यात या इजेशी जोडलेली एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: स्तनाचा भाग झाल्यावर काखेचा आणि गळ्याजवळचा भाग घेताना रुग्णाची स्थिती बदलली जात होती. बाई हलली, हात हलला, की दोन किरणझोतांची कागदावर नीट जुळणारी सीमा शरीरावर एकमेकींवर चढू शकते, आणि त्या पट्ट्यात दुहेरी डोस जातो. आराखड्यात हे एकमेकींवर चढणे दिसत नाही, कारण आराखडा गृहीत धरतो की शरीर जागचे हलले नाही. माझ्या मते या शाखेच्या इतिहासात ही नोंद फार मोलाची आहे. यंत्र बरोबर, लिहिलेला डोस बरोबर, आणि तरी पोचलेला डोस चुकीचा, हे तिथे सिद्ध झाले. आणि ते मोजणाऱ्यांच्या आधी सोसणाऱ्यांना कळले.

यंत्र आणि आराखडाही नेहमी बरोबर असतात असे नाही. १९८८मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटर येथे कोबाल्टचा नवा स्रोत बसवल्यावर त्याचे मोजमाप चुकले आणि २०७ रुग्णांना २५ टक्के जास्त डोस गेला. नॉर्थ स्टॅफर्डशायरमध्ये उलटे घडले. १९८२मध्ये आराखड्यासाठी संगणक आला. अंतराची दुरुस्ती तो स्वतःच करत होता, पण कर्मचारी जुन्या सवयीने तीच दुरुस्ती हातानेही करत राहिले. १९९१पर्यंत हजाराहून अधिक रुग्णांना कमी डोस मिळाला, काहींना सुमारे तीस टक्क्यांनी कमी. नऊ वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण रुग्णाच्या शरीरापाशी कुणी मोजतच नव्हते. तिसरे उदाहरण खास स्तनाच्या कर्करोगाचे आहे. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका रुग्णालयात २००५मध्ये एका स्त्रीच्या उपचारात किरणझोताची तीव्रता कमी-जास्त करणारी पाचर, म्हणजे वेज, झोतात आलीच नाही. सत्तावीस सिटिंगमध्ये तिला सांगितलेल्याच्या जवळजवळ साडेतीन पट डोस गेला आणि छातीला भयंकर जखम झाली. त्या सत्तावीस दिवसांपैकी एका जरी दिवशी तिच्या कातडीवर किरण मोजणारा छोटा डायोड ठेवून किंवा शरीरापलीकडे बाहेर पडणारे किरण मोजून पाहिले असते, तर चूक त्याच दिवशी सापडली असती. इंग्लंडचे तत्कालीन मुख्य वैद्यकीय अधिकारी लियाम डोनाल्डसन यांनी २००६च्या वार्षिक अहवालात आणि २००८मध्ये तिथल्या व्यावसायिक संस्थांनी एकत्रितपणे, रुग्णावरच प्रत्यक्ष मोजमाप करण्याची शिफारस केली, ती अशा अनुभवांमुळेच.

आता इमेजिंगकडे वळू. स्तनाच्या रेडिएशनमध्ये बाई उताण्या स्थितीत, हात डोक्यावर घेऊन, उतरत्या फळीवर झोपते. दोन झोत समोरासमोरून तिरपे येतात आणि छातीच्या पिंजऱ्याला घासून जातात, जेणेकरून स्तन पूर्ण सापडावा आणि फुप्फुसाची जेमतेम एक कड झोतात यावी. शरीरापलीकडे फिल्म ठेवली की उपचाराच्याच किरणांनी तिच्यावर छाया उमटते. तिला पोर्टल फिल्म म्हणतात. त्या धूसर छायेत फुप्फुसाची काळपट कड किती सेंटिमीटर रुंद दिसते हे पट्टीने मोजायचे आणि आराखड्याशी ताडायचे. आठवड्यातून एकदा, कधी त्याहून कमी वेळा हे होई. १९८०च्या दशकात फिल्मच्या जागी इलेक्ट्रॉनिक साधने येऊ लागली आणि लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयाने या छायेतली दुसरी माहिती ओळखली. छाया जिथे गडद तिथे किरण जास्त आरपार गेले, म्हणजे तिथे स्तनाची जाडी कमी. छायेवरून जाडी काढता येते आणि जाडीवरून डोस. या पद्धतीने स्तनात कुठे डोस जास्त साचतो ते काढून झोत त्याप्रमाणे घडवायचे, असा त्यांचा मार्ग होता. १९९७ ते २००० या काळात ३०६ स्त्रियांची चाचणी झाली. पाच वर्षांनंतर जुन्या पद्धतीच्या गटात ५८ टक्के स्त्रियांच्या स्तनाचे रूप बदललेले दिसले, तर डोस सारखा पसरवलेल्या गटात ४० टक्के. जागा दाखवण्यासाठी आलेली प्रतिमा डोस सांगू शकते, आणि तो डोस सुधारला की बाईच्या शरीरावर फरक दिसतो, याचा हा भक्कम पुरावा आहे.

यापुढची दोन पावले अ‍ॅमस्टरडॅम आणि अमेरिकेतल्या रॉयल ओक या गावी पडली. अ‍ॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये बेन माइनहीर, मार्सेल फान हेर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्टल प्रतिमेवरून उलट गणित करून शरीराच्या आत किती डोस पडला हे काढण्याची पद्धत रोजच्या कामात आणली. २००५ ते २००९ या काळात तिथे ४३३७ रुग्णांचे उपचार असे तपासले गेले आणि १७ गंभीर चुका पकडल्या गेल्या. त्यांपैकी ९ चुका उपचाराआधीच्या कोणत्याही तपासणीत सापडल्या नसत्या, कारण त्या रुग्ण टेबलावर आल्यानंतरच्या होत्या. दुसरीकडे मिशिगन राज्यातल्या रॉयल ओकच्या विल्यम बोमाँट रुग्णालयात डेव्हिड जॅफ्री आणि सहकाऱ्यांनी उपचाराच्या यंत्रालाच सीटी जोडली. त्यांचा महत्त्वाचा निबंध २००२मध्ये आला. आज बऱ्याच यंत्रांवर हे दृश्य नेहमीचे आहे. बाई झोपली, कातडीवरच्या खुणा लेझरच्या रेषांशी जुळल्या, की यंत्राचे बाहू तिच्याभोवती साधारण मिनिटभरात एक फेरी मारतात. पडद्यावर छातीचा आजचा छेद येतो, तो आराखड्याच्या सीटीवर चढवून बरगड्या आणि स्तनाची कड जुळवतात आणि टेबल काही मिलिमीटर सरकवतात. शिंप्याने एकदा माप घ्यावे तशी आराखड्याची सीटी एकदाच घेतलेली असते, पण शस्त्रक्रियेच्या जागी साठलेले पाणी पुढच्या आठवड्यांत ओसरते, स्तनाला सूज येते, वजन घटते. रोजची प्रतिमा हा बदल दाखवते. ती डोसच्या गणितासाठी वापरायची तर खटपट लागते, कारण विखुरलेल्या किरणांमुळे तिच्यातल्या करड्या छटांचे आकडे नेहमीच्या सीटीइतके भरवशाचे नसतात. मूळ सीटीच आजच्या आकारात वळवून किंवा छटा दुरुस्त करून ती अडचण ओलांडता येते.

हा हिशेब न ठेवल्याची किंमत हृदयाच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. २०१३मध्ये सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी स्वीडन व डेन्मार्कमधल्या २१६८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे उपचार १९५८ ते २००१ या काळातले होते. हृदयाला मिळालेला सरासरी डोस एक ग्रेने वाढला की हृदयाच्या गंभीर विकारांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, आणि यापेक्षा कमी डोस निर्धोक, अशी कोणतीही पायरी दिसत नाही, असे त्यात आढळले. या अभ्यासाचा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. तो कसा काढावा लागला याची चर्चा कमी होते. बहुतेक स्त्रियांच्या उपचाराच्या काळात त्यांच्या स्वतःच्या शरीराची छेदप्रतिमा नव्हती. म्हणून संशोधकांनी त्यांचे जुने तक्ते वाचून तेच झोत साधारण बांध्याच्या एका स्त्रीच्या सीटीवर पुन्हा मांडले आणि हृदयाचा डोस अंदाजला. दोन हजारांहून अधिक बायकांच्या हृदयांचा डोस दुसऱ्याच कुणाच्या छातीवर मोजावा लागला. आज डाव्या बाजूच्या आजारात खोल श्वास रोखून हृदय छातीच्या भिंतीपासून लांब नेतात आणि त्याच क्षणी किरण सोडतात. श्वास रोज तितकाच भरला गेला का, हे रोजच्या प्रतिमेशिवाय कळणार नाही. आणि कळलेले लिहून ठेवले नाही, तर तीस वर्षांनी पुन्हा कुणाला तरी असाच अंदाज बांधावा लागेल.

याला पहिला आक्षेप अनुभवी डॉक्टरांचा आहे आणि तो वजनदार आहे. स्तनाचे रेडिएशन सोपे आहे, झोताला पुरेशी मोकळी कड ठेवलेली असते, रोजच्या चार-पाच मिलिमीटरच्या चुका कधी या बाजूला कधी त्या बाजूला होऊन पंचवीस दिवसांत फिटून जातात. ब्रिटनच्या 'स्टार्ट' चाचण्यांनी ४० ग्रे १५ सिटिंगमध्ये देणे सुरक्षित ठरवले, तेही यंत्राला जोडलेली सीटी रोजच्या वापरात येण्याआधी. हे सगळे खरे आहे, आणि रोजच्या इमेजिंगने स्तनाच्या कर्करोगात आयुष्य वाढते असा दावा मी करत नाही. पण फिटून जातात त्या फक्त आलटून-पालटून होणाऱ्या चुका. आराखड्याच्या दिवशीच बाई अवघडून झोपली असेल, वेज बसली नसेल, स्तनाची सूज उतरलीच नसेल, तर ती चूक रोज त्याच दिशेने साचते. शिवाय दिवसच कमी होत चालले आहेत. २०२०मध्ये 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीने ४०९६ रुग्णांच्या आधारे दाखवले की २६ ग्रे पाच सिटिंगमध्ये, एका आठवड्यात देणे पुरेसे आहे. बायकांसाठी हा मोठा दिलासा आहे. मात्र पाचांपैकी एक दिवस चुकला तर उपचाराचा पाचवा हिस्सा चुकतो. पंचवीस दिवसांतला एक दिवस म्हणजे पंचविसावा हिस्सा होता. सरासरीवर विसंबण्याची मुभा आता तेवढी राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप असा की प्रतिमा घेतानाही किरणच वापरले जातात. हा आक्षेप माझ्या युक्तिवादाच्या गाभ्याला भिडतो. फ्रान्समधल्या एपिनाल येथे २००० ते २००६ या काळात प्रोस्टेटच्या सुमारे ४०० रुग्णांना रोजच्या पोर्टल प्रतिमांमुळे आठ ते दहा टक्के जास्त डोस गेला, कारण त्या प्रतिमांचा डोस कुणी हिशेबात धरलाच नव्हता. आजच्या कमी ऊर्जेच्या सीटीचा डोस त्याहून बराच कमी असतो, तरी तो झोताच्या बाहेरच्या भागांनाही, दुसऱ्या स्तनालाही मिळतो. चाळिशीच्या आतल्या ज्या स्त्रियांच्या दुसऱ्या स्तनाला उपचारादरम्यान एक ग्रेपेक्षा जास्त डोस गेला, त्यांच्यात पुढे त्या स्तनात कर्करोग होण्याचा धोका अडीच पट आढळला, असे २००८च्या एका अभ्यासात दिसले. म्हणून तरुण रुग्णांत काटकसर हवीच. अमेरिकेच्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने २०१८मध्ये सुचवले की प्रतिमांचा डोस उपचाराच्या डोसच्या पाच टक्क्यांपलीकडे जात असेल तर तो आराखड्यात धरावा. हा नियम चांगला आहे. एपिनालचा दोष प्रतिमा घेण्यात नव्हता, न मोजता घेण्यात होता. मोजमापाचा डोसही मोजलाच पाहिजे, हे मान्य केले की हा आक्षेप हिशेबाच्या विरोधात राहत नाही, त्याच्या बाजूने येतो.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे: रांगा लांब, यंत्रे थोडी, एकेका सिटिंगला मिळणारी मिनिटे मोजकी, तिथे रोज सीटी कुठून आणायची? मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये उघडले आणि १९६२पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. किरणांचे मोजमाप करणारी भाभा अणुसंशोधन केंद्रासारखी संस्था आणि कर्करोगाचे इतके मोठे रुग्णालय एकाच विभागाखाली असणे हे या शहराचे वैशिष्ट्य आहे. त्याच केंद्राने 'भाभाट्रॉन' हे देशी कोबाल्ट यंत्र घडवले, आणि किरणांचा डोस साठवून ठेवणारे टीएलडीचे नमुने रुग्णालयांकडे पाठवून तिथल्या यंत्रांचा डोस पडताळण्याचे कामही केले. कोबाल्ट यंत्रावर रोजची सीटी होत नाही हे खरे. आपल्याकडे आजार उशिरा कळल्यामुळे अनेकींचा पूर्ण स्तन काढावा लागतो आणि मग छातीच्या भिंतीसोबत गळ्याजवळचा भागही घ्यावा लागतो. म्हणजे इंग्लंडमध्ये ज्या सीमेवर बायकांचे हात गेले, ती सीमा इथे रोजची आहे. पण हिशेबासाठी महाग सीटीच लागते असे नाही. पहिल्या दिवशी कातडीवर डायोड ठेवणे, पहिल्या तीन दिवसांच्या पोर्टल प्रतिमा ताडणे, सूज किंवा वजन बदलले तर आराखडा पुन्हा तपासणे आणि हे सगळे लिहून ठेवणे, एवढे साध्या यंत्रावरही होते. जिथे पोर्टल प्रतिमा घेणारे पॅनेल आहे, तिथे अ‍ॅमस्टरडॅमची पद्धत वापरायला वेगळी सिटिंग लागत नाही. उपचाराचेच किरण मोजायचे असतात.

४३३७मध्ये १७ म्हणजे हजारात चार. हा आकडा लहान वाटतो, पण ब्रुकलिनमधली ती स्त्री, एक्झिटरचे २०७ आणि हात गमावलेल्या इंग्लंडमधल्या बायका अशाच लहान आकड्यांत मोडतात. त्यांना सरासरीचा उपयोग नसतो. शंभर वर्षांत या शाखेने डोस देण्याची कला कमालीची नेमकी केली, आणि तितकीच मेहनत डोस पोचला का हे पाहण्यावर केली नाही. प्रत्येक मोठा अपघात या तफावतीतूनच निघाला. आता साधने हाताशी आहेत. म्हणून मागणी साधी आणि व्यवहारातली असावी: उपचार संपताना बाईच्या हातात जो कागद जातो, त्यावर लिहिलेल्या डोसशेजारी मोजलेल्या डोसचा रकाना असावा, हृदय आणि फुप्फुस यांचा डोस असावा, प्रतिमांमुळे गेलेला डोसही असावा. जिथे मोजलेले नाही तिथे तो रकाना कोरा सोडावा, लिहिलेला आकडा त्यात उतरवू नये. वीस वर्षांनी तिला छातीत दुखले किंवा हाताला मुंग्या आल्या, तर समोरच्या डॉक्टरला अंदाज बांधावा लागू नये, हा तिचा हक्क आहे.